दोघींनी वाचवलेला ग्रंथ

घर सोडून पळायची वेळ आली तर माणूस काय उचलेल? लेकरू, दागिने, भाकरीचे गाठोडे. १९१५ साली ऑटोमन तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांचा वंशसंहार सुरू असताना मुश गावच्या परिसरातल्या दोन बायकांनी मात्र एक पुस्तक उचलले. उद्ध्वस्त झालेल्या एका मठात ते त्यांच्या हाती लागले. पुस्तक कसले, धोंडाच तो! वजन जवळजवळ २८ किलो. एकटीला पेलणे अशक्य. मग त्यांनी त्याचे दोन भाग केले, एकेक भाग घेतला आणि वाट धरली.

त्यांपैकी एक मजल दरमजल करीत एच्मियाद्झिनच्या धर्मपीठापर्यंत पोहोचली. दुसरी वाटेतच गेली. मरण्यापूर्वी तिने आपल्याजवळचा भाग एर्झुरूमच्या मठाच्या आवारात पुरून ठेवला, असे सांगतात. पुढे तो रशियन सैन्यातल्या एका पोलिश अधिकाऱ्याला सापडला आणि आज त्बिलिसी म्हणतात त्या तिफ्लिस शहरातल्या आर्मेनियन लोकांच्या हाती आला. दोन्ही भाग पुन्हा एकत्र झाले. त्या बायकांची नावे मात्र कुठे नोंदलेली नाहीत.

‘मुशचा प्रवचनसंग्रह’ म्हणून ओळखला जाणारा हा ग्रंथ आज आर्मेनियाची राजधानी येरेवान येथे, ‘मातेनादारान’ या हस्तलिखितांच्या संग्रहालयात आहे. कातड्याच्या पानांवर तो १२०० ते १२०२ या काळात लिहिला गेला. लिहून होतो न होतो तोच तो लुटीत गेला. मुशच्या लोकांनी वर्गणी काढली, चार हजार चांदीची नाणी जमवली आणि खंडणी भरून त्याची सुटका केली. खंडणी हाच शब्द इथे योग्य. शत्रूच्या हाती पडलेल्या ग्रंथाला आर्मेनियन लोक ‘कैदी’ म्हणत आणि पकडलेल्या माणसासारखे त्याला सोडवून आणत.

ही माया लिहिणाऱ्यांनीच लावलेली. ग्रंथाच्या शेवटी लेखनिक चार शब्द स्वतःचे लिही. थंडी किती होती, गावावर कोणते संकट आले होते, आपल्यासाठी वाचकाने प्रार्थना करावी. ग्रंथ संकटात सापडला तर त्याला लपवा, सोडवा, अशी विनवणीही असे. आपल्याकडच्या पोथ्यांच्या शेवटी पाठ-मान मोडून लिहिल्याचे सांगणारा आणि तेला-पाण्यापासून पोथी जपा म्हणणारा लेखनिक आठवतो ना? तो याचाच भाऊ.

करड्या बेसाल्ट दगडाची मातेनादारानची इमारत १९५७ मध्ये पूर्ण झाली. दारासमोर मेस्रोप माश्तोत्सचा पुतळा आहे. इसवी सन ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवणारा हा धर्मपंडित. लिपी हाती येताच भाषांतराचा सपाटा सुरू झाला. मूळ ग्रीक नष्ट होऊन केवळ आर्मेनियन भाषांतरात टिकलेले ग्रंथ त्यामुळेच आज वाचायला मिळतात. (या भाषेतले जगातले पहिले नियतकालिक, ‘आझदारार’, १७९४ मध्ये निघाले ते आपल्या मद्रासमध्ये!)

संग्रहात तुकडे-गुंडाळ्या धरून सुमारे २३ हजार हस्तलिखिते आहेत. १९९७ मध्ये युनेस्कोने ‘जगाची स्मृती’ या यादीत त्यांचा समावेश केला. पाहणारा खिळतो तो चित्रांपाशी. लाल रंग अरारातच्या मैदानातल्या किड्यापासून काढलेला. सोन्याचा वर्ख चिकटवायला लसणाचा रस! शेकडो वर्षांनंतरही ते सोने चमकते आहे.

मुशच्या त्या अवाढव्य ग्रंथाच्या जोडीला इथे एक चिमुकले पुस्तकही आहे. १४३६ सालचे पंचांग. वजन अवघे १९ ग्रॅम. पदराच्या टोकाला बांधून नेता आले असते. त्या दोघींच्या वाट्याला मात्र २८ किलो आले होते.