विहिरीत घातलेला क्लोरीन जातो कोठे?

पावसाळा तोंडावर आला की वऱ्हाडात विहिरींत टी.सी.एल. पावडर टाकण्याची लगबग सुरू होते. विहीर गावाची असो, वाड्यातील असो की मळ्यातील, पावडर पडते खरी. पण दुसऱ्या दिवशी पाण्याची परीक्षा केली तर पुष्कळ ठिकाणी क्लोरीनचा मागमूसही सापडत नाही. मग पावडर दुप्पट होते, पुढे चौपट होते, आणि वासामुळे घरची मंडळी ते पाणी पिईनाशी झाली म्हणजे तो नादच सोडून दिला जातो. आमचे म्हणणे इतकेच आहे की, पावडर वाढविण्यापूर्वी ती खाऊन टाकणारा कोण हे शोधून काढावे. ह्यास प्रयोगशाळा लागत नाही. दोन झाकणाच्या बादल्या, सुई काढलेली एक पिचकारी, क्लोरीन तपासण्याचे औषध आणि एक रात्र एवढे साहित्य पुरे आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हे. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी व कोयलारी ह्या गावी उघड्या विहिरीचे पाणी पिण्यात येऊन पटकीची साथ उद्भवली व त्यात माणसे दगावली. ज्या विहिरीत पावडर टाकली आहे पण क्लोरीन उरलेला नाही, ती विहीर पावडर न टाकलेल्या विहिरीइतकीच धोक्याची असते. किंबहुना अधिकच, कारण तिच्यावर आपला विश्वास बसलेला असतो.

प्रथम माप. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने गुणावे व आलेल्या संख्येस ७८५ ने गुणावे, म्हणजे पाणी किती लिटर आहे ते निघते. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते २८,२६० लिटर भरते. स्वच्छ पाण्यास दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर धरली तर ह्या विहिरीस सुमारे ७० ग्रॅम पुरते. ताज्या पावडरीत शेकडा ३३ च्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो, तेव्हा पाण्यात लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम पडतो. तासाभराने त्यातला निदान ०.५ मिलिग्रॅम उरला पाहिजे. अदमासाने मूठ दोन मुठी टाकणाऱ्यास पुढील कोणताही शोध लागणार नाही.

आता परीक्षा. दहा ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवून निवू द्यावी व वरची निवळी घ्यावी. सूर्यास्तानंतर एका बादलीत मोटारीच्या बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी १० लिटर घ्यावे, दुसरीत विहिरीचे पाणी तितकेच. दोहोंत पिचकारीने अडीच मिलिलिटर निवळी सोडून ढवळावे व झाकण घालून घरात ठेवावे. विहिरीतही त्याच वेळी त्याच प्रमाणात पावडर सोडावी. तिन्ही पाणी अर्ध्या तासाने तपासावे व पुन्हा पहाटे, ऊन पडण्यापूर्वी, तपासावे.

पहिल्या बादलीतच रंग आला नाही तर पाण्याचा दोष नाही; पावडर मेलेली आहे. ओल, हवा व उजेड ह्यांनी ती निकामी होते, आणि तोंड उघडे ठेवलेली थैली ज्या कोठीत कडब्याशेजारी दोन पावसाळे काढते तेथे दुसरे काय व्हावे? आमच्या मते निम्म्या तक्रारी येथेच मिटतील.

पहिल्या बादलीत क्लोरीन टिकला व दुसरीत मेला, तर विहिरीचे पाणीच तो खात आहे. लोह किंवा गंधकाचा वास असलेले पाणी थोडाबहुत खाते. पण खरा दरोडेखोर अमोनिया होय. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम अमोनियारूप नत्र असेल तर तो पुरता नाहीसा होऊन मोकळा क्लोरीन उरण्यास ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो. वरील विहिरीचा हिशेब केला तर ७० ग्रॅमचे काम पाऊण किलोवर जाते, आणि पुढचा पाऊस पडला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ! हा नत्र येतो कोठून ते आमच्या प्रांतात दूर पाहावयास नको. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात हात खोल भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी जमिनीतून गाळून न जाता त्या भेगांतून थेट खाली उतरते, आणि वाटेत उकिरडा, गोठ्याचे मूत्र किंवा युरियाची फुटकी गोणी लागली तर तेही घेऊन जाते. उन्हाळाभर निर्दोष असलेली विहीर आषाढात एकाएकी बिघडते ती ह्यामुळे. दुसरे कारण पारवे. बांधीव विहिरीच्या कोनाड्यांत त्यांची वस्ती असते व त्यांची विष्ठा नित्य पाण्यात पडते. पारव्यांस हुसकणे आमच्याकडे कित्येकांच्या जिवावर येते हे आम्ही जाणतो; पण पिण्याच्या विहिरीवर जाळी घालण्यात कोणताही अधर्म नाही.

अमोनियाची खूण औषधातच दिसते. ऑर्थो-टोलिडीनचे थेंब टाकताच पिवळा रंग आला तर मोकळा क्लोरीन आहे. रंग हळूहळू, पाच मिनिटांनी गडद होत गेला तर तो अमोनियाशी जखडलेला दुबळा क्लोरीन समजावा. गुलाबी रंगाचे डी.पी.डी. औषध अधिक विश्वासाचे. तपासलेले पाणी मात्र विहिरीत परत ओतू नये. आणखी असे की, उग्र वास हा पुष्कळदा क्लोरीन अधिक झाल्याचा नव्हे, तर ह्या जखडलेल्या क्लोरीनचा असतो.

दुसऱ्या बादलीत टिकला पण विहिरीत मेला, तर दोष विहिरीचा. बहुधा तळचा गाळ, कुजका निंबाचा पाला व भिंतीचे शेवाळ ही कारणे असतात. उन्हाळ्यात गाळ काढल्याखेरीज उपाय नाही. गाळ काढण्यास माणूस उतरण्यापूर्वी आतली हवा खेळती करून घ्यावी, आणि तो आत असता पावडर मुळीच टाकू नये. कधी झऱ्याचे नवे पाणी रात्रीतून येऊन जुने पातळ होते. संध्याकाळची व सकाळची पातळी खुणेने पाहिली की हे कळते. अशा विहिरीस एकदम पावडर टाकण्यापेक्षा दुहेरी मडके सोडणे बरे. लहान मडक्यात १ किलो पावडर व २ किलो जाड वाळू ओलसर कालवून भरतात, ते मोठ्या मडक्यात ठेवतात व तोंड प्लास्टिकने बांधून पाण्याच्या पातळीखाली मीटरभर सोडतात. दोन्ही मडक्यांस सेंटिमीटरभर भोक असते: आतल्यास वरच्या अंगाला, बाहेरच्यास तळापासून चार सेंटिमीटरांवर. साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीस ते दोन-तीन आठवडे पुरते. ही युक्ती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने बसवून दिली आहे.

पहाटेपर्यंत टिकला पण दुपारी गेला, तर चोर सूर्य होय. खोल विहिरीत त्याचे फारसे चालत नाही. परंतु अलीकडे मळ्यात पोहण्याचे उघडे हौद बांधण्याची जी हौस पसरली आहे, तेथे वैशाखाच्या उन्हात पाऊण तासात निम्मा क्लोरीन उडतो. हौदवाले त्याकरिता सायान्युरिक आम्ल वापरतात. ते पिण्याच्या विहिरीसाठी नव्हे. हौदात रात्रीतून लिटरमागे १ मिलिग्रॅमहून अधिक घट आली तर मात्र उन्हास बोल लावू नये. शेवाळ व पोहणाऱ्यांचा घाम-मूत्र तपासावे.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा ह्या खारपाण पट्ट्यातील वाचकांस दोन शब्द. पाणी खारट आहे म्हणजे त्यात क्लोरीन आहेच, हा समज चुकीचा. मिठातील क्लोराईड जंतू मारीत नाही. उलट हे पाणी पुष्कळदा अल्कधर्मी असते, आणि त्याचा सामू ८.५ झाला म्हणजे क्लोरीनचा जेमतेम दहावा हिस्साच जोरकस रूपात राहतो. म्हणून तेथे पावडरीस तासाऐवजी सबंध रात्र द्यावी. शेवटचा पोहरा वर आल्यावर निवळी बादलीने पाण्याखाली नेऊन हलवावी, चुन्याचा साका बाहेर टाकावा, आणि सकाळी तपासूनच पाणी भरावे.

उकिरडा हलविण्यास बहुतेकांचे मन घेत नाही, कारण तो वडिलांच्या वेळेपासून तेथेच आहे. तो विहिरीपासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या अंगाला असावा. यंदा मृगापूर्वी एवढे केले तर श्रावणात पावडर किती लागते ते वहीत टिपून गतवर्षीशी ताडून पाहावे.