पेटी एक सांगते, पितळ दुसरंच!

लग्नसराई संपली की गंगापुरातल्या बँडवाल्यांची वाद्यं माळ्यावर जातात. अशाच एका काकांकडे काळा पडलेला ट्रॉम्बोन पाहिला. "आजोबापासून घरात हाय. भंगारवाला किलोवर मागतोय," काका म्हणाले. खरंच इतका जुना? म्हटलं, तपासूया!

आधी वाद्य ठेवायची पेटी उघडली. झाकणाच्या आत दुकानाचं लेबल होतं. पत्त्यात 'बॉम्बे', म्हणजे साधारण १९९५ च्या आधीचं. शेजारी सहा आकडी पिनकोड. आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे लेबल या दोन वर्षांच्या मधलं. काकांचा चेहरा पडला.

मग ओल्या फडक्यानं भोंगा पुसला. कोरलेली अक्षरं दिसली : 'बूझी अँड कंपनी, लंडन'. ही कंपनी १९३० मध्ये हॉक्स कंपनीत विलीन होऊन 'बूझी अँड हॉक्स' झाली. नुसतं 'बूझी' म्हणजे वाद्य बहुधा त्याआधीचं! पेटी नंतर बदललेली. पेटी बदलता येते, कोरलेलं नाव सहसा नाही.

भोंग्यावर 'मेरठ' दिसलं तर वाद्य देशी. तिथली जली कोठी बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध आहे.

तुमच्या घरीही असं वाद्य असेल, तर चिंचेनं खसाखसा घासू नका, अक्षरं झिजतात. नाव, पत्ता, नंबर, लेबल सगळ्याचे फोटो काढा. मगच विकायचं की नाही ते ठरवा.

काकांनी ठरवलंय. भंगारवाला रिकाम्या हातानं गेला.