पांढऱ्या ताटाची पारख

नक्षी नसलेल्या पांढऱ्या ताटात पदार्थाचा रंग जसाच्या तसा दिसतो. एण्णेगायीचा, म्हणजे भरल्या वांग्यांचा, तेल सुटलेला तपकिरी रस्सा, शेंगाचटणीची लाली, कोशिंबिरीतली कोथिंबीर हे सारे पांढऱ्यावर ठळक उमटते. स्टीलच्या चकाकीत ते फिके पडते. इडली, दहीभात आणि उकडीचे मोदक मात्र पांढऱ्यात हरवतात. त्यांच्याखाली केळीच्या पानाचा तुकडा घातला की काम भागते.

असे ताट घ्यायचे तर, नवनगर हे हुबळी आणि धारवाडच्या दरम्यान असल्याने तिथल्या गिऱ्हाइकाला दोन्ही गावांचे बाजार जवळ. ‘चिगरी’ बसने एका बाजूला हुबळीचे दुर्गदबैल, दुसऱ्या बाजूला धारवाडचा सुभाष रोड गाठता येतो. पण दुकानात शिरण्याआधी माल ओळखता यायला हवा, कारण दुरून सगळी पांढरी भांडी सारखीच दिसतात.

स्वस्त आणि हलकी असते ती ओपलवेअर. ही माती नव्हे, काच. वितळलेल्या काचेत फ्लोराइडचे क्षार मिसळले की थंड होताना आत सूक्ष्म कण तयार होतात, ते प्रकाश विखुरतात आणि काच दुधाळ होते. पोर्सलिन बनते केओलिन या पांढऱ्या मातीपासून. तिच्यात लोह नगण्य असते, म्हणून भाजल्यावरही ती पांढरीच राहते. बेळगाव जिल्ह्यातले खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे, पण लोहयुक्त माती भट्टीत लालच होते. पांढऱ्या ताटासाठी खुर्जा किंवा जयपूरकडच्या मालाकडे वळावे लागते. बोन चायनाच्या पारंपरिक मिश्रणात जवळजवळ निम्मा भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा असतो. हुबळी-धारवाडच्या अनेक शाकाहारी घरांना ही गोष्ट महत्त्वाची वाटते, तेव्हा ती विकत घेण्याआधीच विचारलेली बरी. मेलामाइन दिसायला छान, पण ते प्लॅस्टिक आहे. हळदीचे डाग त्यात मुरतात आणि मायक्रोवेव्हमध्ये ते चालत नाही.

ओळख पटते ती ताट उलटे केल्यावर. बुडाशी झिलई नसलेले खरखरीत कडे लागले तर ते बहुधा मातीचे. बूडही वरच्याइतकेच गुळगुळीत असेल तर बहुधा काच. मग ताट बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारावी. धड ताट खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. उजेडासमोर धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दिसली तर बोन चायना किंवा पातळ पोर्सलिन असण्याची शक्यता अधिक. शेवटी ताट काउंटरच्या काचेवर ठेवून काठावर बोट दाबावे. डुगडुगले तर परत करावे.

यापेक्षा अवघड प्रश्न आकाराचा, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. रुंद सपाट किनारीचे ताट काट्या-चमच्याच्या जेवणासाठी घडवलेले असते. साडेदहा इंची ताटाची किनार सोडली तर आतला सपाट भाग जेमतेम सात इंचांचा उरतो. त्यात फुलका मावतो, ज्वारीची भाकरी मावत नाही. हाताने जेवणाऱ्याला आणखी एक गोष्ट लागते: भात कालवून घास करताना बोटांना टेकायला उभा काठ. स्टीलच्या ताटाला तो असतो. म्हणून आपल्या जेवणाला किनार नसलेले, कडेने बोटभर वर उचललेले, दहा ते अकरा इंचांचे ताटच योग्य. आमटी-रश्शासाठी वाटी बुडाशी अरुंद असावी, म्हणजे ताटातली जागा कमी अडते, आणि डावीकडच्या चटणी-लोणच्याला मोकळे पांढरे अंतर मिळते. वाढलेल्या पानाची सगळी शोभा या अंतरात आहे.

खर्च वाचतो तो सुटी भांडी घेण्यात. सत्तावीस नगांच्या संचात साधारणपणे सहा मोठी ताटे, सहा लहान, बारा वाट्या, दोन मोठे वाडगे आणि एक लांबट परात येते. यातली लांबट परात बऱ्याच घरांत कपाटातच राहते. हॉटेलांना माल पुरवणारी दुकाने साधे पोर्सलिन नगावर विकतात. ते जरा जाड असते, पण काठाचे टवके सहज उडत नाहीत, आणि तोच साचा वर्षानुवर्षे निघत असल्याने फुटलेल्याची जोडी पुढे मिळू शकते. फक्त नवे घेताना घरचे एक ताट सोबत न्यावे. पांढऱ्यातही निळसर, करडी आणि दुधी अशा छटा असतात. दुकानातल्या दिव्याखाली फरक कळत नाही, दाराशी उन्हात लगेच कळतो.

घरी आल्यावर तारेची घासणी वापरू नये. स्टीलच्या चमच्याच्या करड्या रेघा झिलईवर उठतात. खाण्याच्या सोड्याचा ओला लेप बोटाने चोळला की त्या बहुतेक निघून जातात. ओपलचे ताट फ्रीजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नये, आणि गॅसवर तर कधीच नाही. ताटे एकावर एक रचताना मध्ये कागद घालावा, कारण वरच्या ताटाचे खरखरीत बूड खालच्या ताटाची झिलई ओरखडते.