चिनी भाषेतील ‘फांग’

चिनी भाषेत माणसाच्या स्थूलपणासाठी ‘फांग’ हे विशेषण योजतात. त्यातील ‘फ’ आपल्या ‘फूल’मधल्यासारखा ओठ मिटून आणि स्वर वरून झटक्याने खाली आणून उच्चारावयाचा असतो. वाक्यात मात्र ‘आहे’ची गरजच पडत नाही : ‘था हन् फांग’, म्हणजे शब्दशः ‘तो फार लठ्ठ’, एवढ्यावर काम भागते, आणि हा ‘हन्’ बहुधा भरतीचाच असल्याने तो इसम खरोखर ‘फार’ लठ्ठ असेलच असे नाही!

जनावरे, मांस व ढगळ कपडे यांसाठी ‘फेइ’ हा निराळा शब्द मुक्रर आहे; तो आज माणसास लावणे अपमानास्पद ठरते, जरी थांग राजवटीतील पुष्टदेही सौंदर्यवती यांग ग्वेइफेइ (इ. स. 719–756) आणि हान काळातील कृशांगी चाओ फेइयेन यांना एकत्र गुंफणाऱ्या चार अक्षरी वाक्प्रचारात हाच ‘फेइ’ मोठ्या इतमामाने मिरवत असला तरी. (ग्वेइफेइच्या पदवीतील ‘फेइ’चा सूर आणि अर्थ दोन्ही वेगळे, हे ध्यानी असू द्यावे.)

थ्येनचिननजीकच्या यांगल्यूछिंग येथील नववर्षाच्या काष्ठमुद्रित चित्रांत मासा कवटाळून बसलेले गुटगुटीत बाळ हमखास आढळते. तशा बाळाला ‘फांगहूहू’ म्हणतात, आणि त्यात निव्वळ कौतुक असते.