भाग ३१ : गेमिंग पीसीला पॉवर सप्लाय किती वॅटचा? आधी लेबल वाचा, मग पैसे काढा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे आज एसटीत हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललेलं थोडं आवरून घेतलंय, बाकी तसंच.

कुपवाडहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीये. भाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री गेम खेळतो. पैसे साठवून त्यानं आरटीएक्स ३०६० काढलं आणि आरटीएक्स ५०७० टीआय बसवलं. प्रोसेसर इंटेल कोअर आय७ १४७००के. पॉवर सप्लाय जुनाच, ६५० वॅटचा. आता गेममध्ये किंवा रेंडर करताना पीसी खटकन बंद पडतो. एरर नाही, निळी स्क्रीन नाही, थेट अंधार. दुकानदार म्हणतो, कार्ड खराब आहे, कंपनीला पाठवू, काही आठवडे लागतील. आणि लग्नसराई तोंडावर आलीये. त्याचा प्रश्न असा: "दादा, कार्ड पाठवू का पॉवर सप्लाय बदलू?"

थांब भावा, कार्ड अजून काढू नकोस.

आधी फुकटातली चाचणी

ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट कमी करता येते. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पॉवर लिमिट जेवढी खाली येते तेवढी आण आणि ज्या गेममध्ये पीसी बंद पडतो तोच गेम तासभर चालव. बंद पडणं थांबलं, तर संशयाची सुई पॉवर सप्लायकडे जाते. काहीच फरक पडला नाही, तर तापमान, रॅम आणि मग कार्ड असं क्रमानं बघायचं. एकही रुपया न घालवता निम्मं उत्तर मिळतं.

बेरीज करूया

५०७० टीआय ३०० वॅट घेतं. १४७००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून साधारण ७५ धरा. झाले ६२८. जुनं ३०६० फक्त १७० वॅटचं होतं, म्हणून तेव्हा बेरीज ५०० च्या आसपास राहायची आणि ६५० मध्ये सगळं आरामात बसायचं.

तुम्ही म्हणाल, ६२८ तर ६५० पेक्षा कमीच आहे की! इथंच खरी गंमत आहे. ३०० वॅट ही सरासरी. आजची कार्डं काही मायक्रोसेकंदांसाठी त्याच्या दुपटीपर्यंत उसळी मारू शकतात. जुन्या सप्लायला ती उसळी म्हणजे काहीतरी बिघाड वाटतो आणि आतलं संरक्षण सगळं बंद करून टाकतं. म्हणजे सप्लाय खराबच असेल असं नाही, तो त्याचं काम करतोय.

आपल्या साताऱ्यातलं कोयना आठवा. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प राज्याची मागणी वाढते त्या वेळी उपयोगी पडतो, कारण पाण्याची टर्बाइनं काही मिनिटांत जोर धरतात. रोजची सरासरी भागवणं वेगळं आणि अचानक आलेली मागणी झेलणं वेगळं. पॉवर सप्लायच्या आत हे दुसरं काम कपॅसिटर आणि कंट्रोल सर्किट करतात, तेही मायक्रोसेकंदांत.

म्हणूनच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हा नियम आला. त्यानुसार सप्लायनं १०० मायक्रोसेकंदांपुरती त्याच्या क्षमतेच्या दुप्पट उसळी झेलायला हवी. २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, एटीएक्स ३.१. नवा सप्लाय घेताना खोक्यावर यातलं काहीतरी लिहिलेलं असायलाच हवं.

या कार्डासाठी एनव्हिडिया ७५० वॅट सुचवते. पण १४७००के सारखा खादाड प्रोसेसर सोबत असेल, तर मी ८५० घेईन. ५०९० असेल तर गोष्टच वेगळी. ते एकटंच ५७५ वॅट घेतं, तिथं १,००० च्या खाली जायचंच नाही.

८५० लिहिलंय म्हणजे ८५० मिळतात?

नाही मिळत नेहमी. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ नं गुणा. ७० अँपिअर असतील तर ८४० वॅट, म्हणजे माल खरा. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात ६५० आणि लेबलवर १२ व्होल्टला ३० अँपिअर, असंही सर्रास दिसतं. ते झाले फक्त ३६० वॅट! दुकानात मोबाईल काढून हा गुणाकार करायला लाजू नका.

आता ब्रॉन्झ आणि गोल्ड. ८० प्लस हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, सुरक्षेचं नाही. पीसीला ५०० वॅट लागत असतील, तर ९० टक्के कार्यक्षम सप्लाय भिंतीतून ५५६ वॅट ओढतो आणि ८५ टक्केवाला ५८८. रोज ४ तास धरले तर वर्षाला साधारण ४८ युनिटचा फरक पडतो. युनिटला १० रुपये धरले तर ४८० रुपये. म्हणजे निव्वळ वीजबिलासाठी गोल्ड घेऊ नका. उष्णता कमी होते, पंखा शांत राहतो आणि चांगल्या गोल्ड मॉडेलवर अनेकदा १० वर्षांची वॉरंटी असते, म्हणून घ्या. आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा, उष्णतेचा मुद्दा लगेच पटेल.

केबलच्या दोन गोष्टी

पहिली. नव्या कार्डांना १६ पिनची केबल लागते, जास्तीत जास्त ६०० वॅटची. २०२२ मध्ये ४०९० आल्यावर हे कनेक्टर वितळल्याचे फोटो जगभर फिरले. पुढं १२व्ही-२बाय६ हे सुधारित डिझाइन आलं. त्यात सेन्स पिना आखूड केल्यात, म्हणजे प्लग नीट बसला नसेल तर कार्ड जोर लावत नाही. तरीही प्लग पूर्ण आत ढकला, फट दिसता कामा नये आणि प्लगच्या अगदी जवळ केबल वाकवू नका.

दुसरी. मॉड्युलर सप्लाय बदलताना जुन्या केबल तशाच ठेवायचा मोह होतो, कारण त्या आधीच छान बांधलेल्या असतात. अजिबात नको. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही. प्लग बसतो, पण चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट जातात आणि एसएसडी जळते. लग्नाचं फुटेज त्याच एसएसडीवर असेल तर काय होईल, विचार करा.

तर कुपवाडच्या भावाला माझं उत्तर: चाचणीत बंद पडणं थांबलं, तर कार्ड ठेव. ८५० वॅट, एटीएक्स ३.१, गोल्ड सप्लाय घे आणि केबल सगळ्या नव्या लाव. तोवर पॉवर लिमिट कमीच ठेवून काम चालू ठेव. रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल, पण ऑर्डरी हातच्या जाणार नाहीत.

भिंतीकडेही बघा

लाईट गेली की सप्लाय आतल्या साठ्यावर क्षणभर तग धरतो. एटीएक्स ३.१ नुसार पूर्ण लोडवर निदान १२ मिलीसेकंद, ८० टक्के लोडवर १७. तेवढ्यात इन्व्हर्टरनं ताबा घ्यायला हवा. म्हणून घरच्या इन्व्हर्टरला मागं यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा. वेगळा यूपीएस घेत असाल तर व्हीए बघून फसू नका, वॅट बघा. १,००० व्हीएचे बरेच यूपीएस ६०० वॅटचेच असतात. शक्यतो प्युअर साइन वेव्ह घ्या.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? अनेक जण म्हणतात, "चालतंय की, सगळ्यांच्याच पीसीला येतात." नाही चालत! सप्लायच्या आतले फिल्टर कपॅसिटर थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसेल तर तो तुमच्या हातातून वाट काढतो. हा करंट लहान असतो, पण झिणझिण्यांचा अर्थ एवढाच की उद्या आत खरोखर बिघाड झाला तर तुम्हाला वाचवणारी तार तिथं नाहीये. मी कोड लिहिणारा माणूस, वायरिंगला हात लावत नाही. तुम्हीही लावू नका. वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि मगच १५-२० हजारांच्या पुढचं कार्ड त्या सॉकेटला जोडा.

पुढच्या भागात कॅबिनेटमधली हवा आणि धूळ यावर बोलू. तुमच्या सप्लायच्या लेबलचा फोटो पाठवा, १२ व्होल्टचा गुणाकार करून सोबत लिहा. बघू कुणाचे किती वॅट खरे निघतात. भेटू!