एक गाभा, अनेक नौका
पुढे सेल्सियसटेक नावानं ओळखल्या गेलेल्या स्वीडिश कंपनीला 1985च्या सुमारास दोन मोठी कामं एकदमच मिळाली. स्वीडन आणि डेन्मार्क, दोघांच्याही युद्धनौकांसाठी नियंत्रण-प्रणाली हवी होती. दोन्ही वेगवेगळ्या करायला पुरेशी माणसं नव्हती. म्हणून सॉफ्टवेअरचा एकच सामाईक गाभा बांधायचा आणि नौकेगणिक फक्त फरक सांभाळायचे, असं ठरलं. हीच प्रॉडक्ट लाइन. पूर्वी प्रणालीच्या खर्चात सॉफ्टवेअरचा वाटा 65 टक्के असे, तो पुढे 20 टक्क्यांवर आला.

पण गाभा सामाईक झाला की कामाची शिस्तही बदलावी लागते. लक्ष्याचा माग काढणाऱ्या भागात एका नौकेसाठी केलेली दुरुस्ती बाकीच्या नौकांनाही लागू होते. मग परवानगी कोण देणार, कोणत्या नौकेवर कोणती आवृत्ती आहे, चाचणी कुठे कुठे घ्यायची? सीएमएमसारखी प्रक्रिया-सुधारणेची चौकट ही शिस्त लावते खरी, पण तिच्या खालच्या पायऱ्या एकेका प्रकल्पापुरताच विचार करतात. त्यामुळे आधी या चौकटीची वरची पायरी गाठू, मग प्रॉडक्ट लाइनकडे वळू, हा हिशेब मला पटत नाही. आवृत्त्यांची नोंद आणि बदलांवरचं नियंत्रण पक्कं करून सुरुवात करावी. बाकीच्या प्रक्रिया गाभ्यासोबतच घडवाव्यात.