परत आला म्हणून नाव गेलं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन जेक पॉल नावाच्या पोराकडून गुणांवर हरला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच ऐकू आलं. कशाला परत आला? झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवायची होती, कमावलेलं सगळं घालवलं. निवृत्त बॉक्सर पुन्हा रिंगमध्ये उतरला की लोक हे म्हणतातच, आणि अशा सुरात म्हणतात की जणू ते कधीच सिद्ध होऊन गेलंय.

सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. जो लुईचं उदाहरण घ्या. १९३७ ते १९४९ तो हेवीवेट जगज्जेता होता, किताब त्यानं २५ वेळा राखला आणि विजेता असतानाच निवृत्ती घेतली. मग प्राप्तिकर खात्याचं देणं अंगावर आलं. १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई त्यानं नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली होती. कर त्या पैशांवरही लागला! परत येण्यावाचून इलाज उरला नाही. १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सनं त्याला हरवलं, १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोनं आठव्या फेरीत ठोसा मारून दोरांपलीकडे पाडलं. लुईच्या कारकिर्दीतल्या एकूण तीन पराभवांपैकी दोन या पुनरागमनातले. आता हेवीवेट बॉक्सरांच्या जाणकारांनी केलेल्या याद्या उघडा. पहिल्या दोन नावांत लुई आणि अली सहसा सापडतात. मार्सियानो १९५६ मध्ये ४९ लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला आणि पुन्हा कधी उतरला नाही. मूठ झाकलेली राहिली ती त्याची, तरी यादीत तो बहुधा लुईच्या खालीच असतो.

अलीचंही तसंच. (त्याची १९६७ ते १९७० ही वर्षं निवृत्तीची समजू नका. लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे त्याचा किताब आणि परवाना काढून घेतला होता.) खरी निवृत्ती त्यानं १९७९ मध्ये जाहीर केली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ३८व्या वर्षी लास वेगासला लॅरी होम्ससमोर उभा राहिला. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर प्रशिक्षक अँजेलो डंडीनं लढत थांबवली. पुढच्या वर्षी बहामात ट्रेव्हर बर्बिकनं त्याला हरवलं. तिथे रिंगची घंटासुद्धा कुणी आणली नव्हती, गाईच्या गळ्यातली वाजवून काम भागवलं. याहून केविलवाणा शेवट शोधून सापडणार नाही. त्यानं अलीचं मोठेपण तसूभर तरी कमी झालं का?

कमी झालं ते शरीर. माझी चिडचिड होते ती इथे. थॉमस हाउझरनं लिहिलेल्या अलीच्या चरित्रात सगळा तपशील आहे. होम्सशी लढण्याआधी नेवाडाच्या नियामकांनी अलीला मेयो क्लिनिकमध्ये तपासून घेतलं. बोट नाकाला लावायला सांगितल्यावर नेम किंचित चुकत होता, एका पायावर उडी नीट जमत नव्हती, हे अहवालात होतं. तरी परवाना मिळाला. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको तर १९७७ मध्येच, मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचे अहवाल पाठवून, उत्तर न आल्यानं त्याला सोडून गेले होते. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान जाहीर झालं. रोग त्या एका रात्रीमुळे झाला असं म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षांच्या ठोशांचा तो हिशेब होता. पण पुनरागमनाच्या वेळी विचारायचा प्रश्न हाच आहे: याला परवाना दिला कुणी, आणि कशाच्या आधारावर? आपण मात्र त्याच्या अब्रूची काळजी करत बसतो.

आणि पुनरागमनानं कीर्ती वाढते त्याचं काय? जॉर्ज फोरमन १९७७ मध्ये निवृत्त होऊन धर्मोपदेशक झाला तेव्हा किन्शासात अलीकडून हरलेला दांडगा, एवढीच त्याची ओळख उरली होती. दहा वर्षांनी तो परतला. १९९४ मध्ये, ४५व्या वर्षी, गुणांवर मागे असताना त्यानं अपराजित मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवं केलं आणि पुन्हा जगज्जेता झाला. शुगर रे लेनर्ड डोळ्याचा पडदा सुटल्यावर १९८२ मध्ये थांबला होता. पुढच्या जवळजवळ पाच वर्षांत एकच लढत खेळून त्यानं १९८७ मध्ये मार्व्हिन हॅगलरला हरवलं; निकालावर अजून भांडणं होतात, तरी त्याच्या नावाचा मोठा भाग त्या रात्रीवर उभा आहे. मार्च १९९७ मध्ये चाळिशीतला लेनर्ड हेक्टर कामाचोसमोर पाचव्या फेरीत कोसळला आणि त्याच वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं.

पुनरागमनानं खरंच डागाळलेला एक माणूस आहे, जिम जेफ्रीज. विजेता असताना काळ्या आव्हानवीरांना त्यानं किताबाची संधी दिली नाही. १९०५ मध्ये अपराजित निवृत्त झाला आणि १९१० मध्ये जॅक जॉन्सनकडून किताब परत ‘गोऱ्यांकडे’ आणायला रिनोला उतरला. पंधराव्या फेरीत हरला. डाग त्या पराभवाचा नाही, ज्या कारणासाठी तो परतला त्याचा आहे.

बाकीचे गैरसमज किरकोळ. टायसन-पॉल ही प्रदर्शनी लढत नव्हती. टेक्सासनं तिला व्यावसायिक मान्यता दिली होती, त्यामुळे पराभव नोंदला गेला. प्रदर्शनी होती ती २०२०ची, रॉय जोन्सबरोबरची. निवृत्त विजेत्याला पुन्हा रांगेत शेवटी उभं राहावं लागतं, हेही सरसकट खरं नाही: व्हिताली क्लिच्को जवळजवळ चार वर्षांनी, २००८ मध्ये परतला तो थेट किताबाच्या लढतीत, कारण संघटनेनं त्याला ‘मानद विजेता’ करून ठेवलं होतं. महिला बॉक्सर मूल झाल्यावर संपते म्हणणाऱ्यांनी मेरी कोमची २००८ची सुवर्णकामगिरी पाहावी. जुळ्यांच्या जन्मानंतरची आहे. तिच्या निवृत्तीची बातमी जानेवारी २०२४ मध्ये सगळीकडे पसरली, तेव्हा आपल्या बोलण्याचा चुकीचा अर्थ लावला गेला, असा खुलासा तिला स्वतःला करावा लागला.